युद्धाचा माल आणि रयतेचे धान्य
(वेळणेश्वर येथील भाषण)

१८४९ साली ईस्ट इंडिया कंपनीने जी.आय.पी. रेल्वेशी करार केला. फौजा व लष्करी सामान सवलतीच्या दराने न्यावयाचे, मोबदल्यात भागधारकांना पाच टक्के व्याजाची हमी. सौदा दोन इंग्रज पक्षांचा. तूट मात्र हिंदी रयतेच्या माथी! दुसऱ्या महायुद्धात तर शाखामार्गांचे रूळ उखडून परदेशी धाडले गेले. १९४२ साली जपानी चढाईच्या भीतीने बंगालच्या किनाऱ्यावरील हजारो होड्या सरकारने काढून घेतल्या. पुढल्याच वर्षी तेथे लाखो माणसे भुकेने मेली. होडी गेली म्हणजे चूल विझते, हे वेळणेश्वरकरांना सांगावयास नको. देशाचे संरक्षण हवेच; परंतु वाहतुकीचा अग्रक्रम ठरविताना धान्याची वाघीण दारूगोळ्याच्या मागे उभी राहता कामा नये.