त्यांचाही प्रवास सुखाचा व्हावा

(शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय अधिकारी यांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



७ मे २०२२ रोजी रांचीच्या विमानतळावर एक प्रसंग घडला. एक किशोरवयीन दिव्यांग मुलगा आपल्या आईवडिलांसह हैदराबादला निघाला होता. विमानतळावर तो बिथरला, अस्वस्थ झाला. विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी इतरांच्या सुरक्षिततेचे कारण पुढे करून त्याला विमानात घेण्याचे नाकारले. सहप्रवाशांनी रदबदली केली, त्यांत डॉक्टरही होते. परंतु उपयोग झाला नाही. मुलाला सोडून आईवडील जाणार कसे? ते कुटुंब मागे राहिले आणि विमान निघून गेले. पुढे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने चौकशी केली व त्या कंपनीला ५ लाख रुपये दंड ठोठावला. कर्मचाऱ्यांनी अधिक सहानुभूतीने वागणूक दिली असती, तर मुलगा शांत झाला असता आणि प्रवास नाकारण्याची वेळच आली नसती, असा महासंचालनालयाचा निष्कर्ष होता.

हा निष्कर्ष आपण सर्वांनी नीट ध्यानात घ्यावा, अशी माझी विनंती आहे. तेथे औषध कमी पडले नव्हते, यंत्रसामग्री कमी पडली नव्हती किंवा पैसाही कमी पडला नव्हता. कमी पडली ती समज. आणि समज ही शिकवून येणारी गोष्ट आहे.

विमानप्रवासाशी खेड्यातील माणसाचा काय संबंध, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात येईल. २७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेची पहिली विमाने सुटली, त्यांत नांदेड–हैदराबाद हे एक होते. लहान शहरे विमानमार्गांनी जोडावीत, हाच त्या योजनेचा हेतू. कोणी उपचारासाठी, कोणी परप्रांतात नोकरीस असलेल्या मुलाकडे, कोणी लग्नकार्यासाठी आज विमानाने जातो. घरात एखादे वेगळे मूल असले की मात्र ते सारे घरच प्रवास टाळू लागते. त्या मुलाबरोबर आईचेही जग चार भिंतींत आक्रसते. म्हणून हा विषय चैनीचा नाही.

हे प्रवासी कोण?

प्रत्येकाच्या मेंदूची जडणघडण सारखी नसते. आवाज, प्रकाश, स्पर्श आणि शब्द यांचे ग्रहण काहींच्या बाबतीत निराळ्या रीतीने होते. स्वमग्नता, अवधानाची अस्थिरता व अतिचंचलता, वाचन-लेखनाशी निगडित अध्ययन अक्षमता हे त्याचे काही प्रकार. ह्या सर्वांना मिळून इंग्रजीवरून ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ म्हणजे मज्जासंस्थेचे वैविध्य असा शब्द आता रूढ झाला आहे. आपल्या देशात १९९५ च्या कायद्याने अपंगत्वाचे ७ प्रकार मानले होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात ते २१ झाले आणि स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता यांना त्यांत स्थान मिळाले.

ह्या व्यक्तींची अडचण डोळ्यांना दिसत नाही. चाकाची खुर्ची दिसली की वाट करून देण्याचे सौजन्य आपला समाज आता शिकला आहे. पण धडधाकट दिसणारा मुलगा कान झाकून जमिनीवर बसला, की ‘लाडावलेला आहे’, ‘आईबापांनी वळण लावले नाही’ असे शेरे ऐकू येतात.

आता विमानतळ त्याच्या बाजूने पाहा. ध्वनिक्षेपकावरून एकामागून एक घोषणा होत असतात. दिव्यांचा लखलखाट असतो. सुरक्षा तपासणीत आवडती पिशवी हातातून काढून घेतली जाते, ती यंत्राच्या तोंडात नाहीशी होते आणि अनोळखी माणूस अंगाला हात लावून तपासतो. विमानाला उशीर होतो, दरवाजा क्रमांक ऐनवेळी बदलतो. विमान खाली उतरू लागले, की हवेच्या दाबातील फरकाने कान दुखतात. आपण आवंढा गिळतो, चिंचेची गोळी चघळतो. पण हे असे का होते आहे हे ज्याला कोणी सांगितलेले नाही आणि दुखते आहे हे ज्याला सांगता येत नाही, त्याने काय करावे? तो ओरडतो. हा हट्ट नव्हे. हट्ट करणाऱ्या मुलाला काही तरी हवे असते. ह्या मुलाला समोरचे सारे थांबायला हवे असते. अशा वेळी चढ्या आवाजात दरडावणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय.

इतरत्र झालेले प्रयत्न

२०१६ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळाने एक साधा उपक्रम सुरू केला. ज्याला हवी असेल त्या प्रवाशाला सूर्यफुलांची चित्रे असलेली हिरवी फीत गळ्यात घालण्यासाठी देण्यात येते. ‘माझी अडचण दिसत नाही, परंतु मला थोडा अधिक वेळ आणि थोडी मदत लागेल’ एवढाच तिचा अर्थ. आजार कोणता, हे विचारण्याचा अधिकार ती कोणाला देत नाही. किंवा रांग मोडून पुढे जाण्याचा परवानाही ती नव्हे. ती घालणे सर्वस्वी ऐच्छिक आहे. आज अनेक देशांतील विमानतळांनी तिचा स्वीकार केला असून भारतातील काही मोठ्या विमानतळांचाही त्यांत समावेश आहे.

आयर्लंडमधील शॅनन विमानतळावर २०१७ मध्ये मंद प्रकाशाची एक शांत खोली उघडण्यात आली. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे २०१९ मध्ये अशीच व्यवस्था झाली. तिची सूचना विमानतळावर अवजड यंत्रे चालविणाऱ्या एका कर्मचाऱ्याची होती. त्याचा मुलगा स्वमग्न होता. त्याने आपल्या वरिष्ठांस पत्र लिहिले आणि वरिष्ठांनी ते मनावर घेतले. तेथे विमानाच्या अंतर्भागाची खरीखुरी वाटावी अशी प्रतिकृती आहे. मुलाने आधी तेथे बसून पाहावे, पट्टा बांधून पाहावा आणि मग प्रत्यक्ष विमानात जावे, ही त्यामागील कल्पना. बोस्टन येथे तर २०११ मध्येच प्रवासाची रंगीत तालीम घेण्यास प्रारंभ झाला. कुटुंबे विमानतळावर येतात, तपासणीतून जातात, विमानात बसतात. विमान मात्र उडत नाही.

ह्या सर्व उपक्रमांत एक समान सूत्र आहे. पुढे काय होणार हे आधी कळावे, गोंगाटापासून थोडा आडोसा मिळावा आणि घाई केली जाऊ नये. इमारतीच्या पायऱ्यांशेजारी जसा सिमेंटचा उतार बांधतात, तसा ह्या प्रवाशांसाठी पूर्वसूचना, शांतता व वेळ यांचा उतार बांधावा लागतो. त्याला फारसा खर्च येत नाही.

कायदा काय सांगतो?

२०१६ च्या अधिनियमाच्या ४१ व्या कलमात बसथांबे व रेल्वेस्थानके यांच्याबरोबर विमानतळांचाही स्पष्ट उल्लेख असून तेथे दिव्यांगांसाठी सुविधा करण्याचे बंधन आहे. रांचीच्या प्रसंगानंतर जुलै २०२२ मध्ये महासंचालनालयाने नियमांत दुरुस्ती केली. केवळ दिव्यांगत्वाच्या कारणावरून कोणालाही प्रवास नाकारता येणार नाही; प्रवाशाची प्रकृती प्रवासात बिघडेल असे कंपनीस वाटल्यास विमानतळावरील डॉक्टरांकडून त्याची प्रत्यक्ष तपासणी झाली पाहिजे; आणि तरीही नकार द्यावयाचा तर तो कारणांसह लेखी दिला पाहिजे. म्हणजे हा निर्णय कर्मचाऱ्याच्या मर्जीवर राहिलेला नाही.

आईवडिलांनीही काही गोष्टी माहीत करून घ्याव्यात. तिकीट काढतानाच किंवा निदान ४८ तास आधी कंपनीस कळवावे. बौद्धिक वा विकासात्मक दिव्यांगत्व असलेल्या प्रवाशास साहाय्य हवे आहे, हे दर्शविणारी ‘डीपीएनए’ ही चार अक्षरांची खूण विमान कंपन्यांत सर्वत्र वापरली जाते. तिची नोंद करण्यास सांगावे. अंगझडती पडद्याआड, शांतपणे घेण्याची विनंती करावी. अशा प्रवाशास सर्वांच्या आधी विमानात बसविण्याची पद्धत आहे, पण काही मुलांना बंद विमानात ताटकळणेच असह्य होते. त्यांना सर्वांत शेवटी नेणे हिताचे. म्हणून अधिकाऱ्यांनी स्वतःच ठरवू नये, ‘आपल्याला कसे सोयीचे पडेल?’ असे विचारावे. हा एक प्रश्न अनेक नियमांचे काम करतो.

आपण काय करू शकतो?

शिक्षकांना माझे सांगणे असे, की वर्गातील खुर्च्या दोन रांगांत मांडून विमान तयार करा. मधून वाट सोडा. एकाने तिकीट तपासावे, एकाने पिशवी तपासून परत द्यावी. ‘पिशवी परत मिळते’ हे मुलाने चार वेळा अनुभवले, की पाचव्या वेळी ते घाबरणार नाही. प्रवासाच्या टप्प्यांची चित्रे क्रमाने लावून त्यांची एक छोटी वही करून द्या. वर्गातील इतर मुलांनाही ह्या खेळात घ्या. उद्या तीच सहप्रवासी होणार आहेत.

पंचायत सदस्यांनी आपल्या गावातील अशा मुलांची माहिती घ्यावी आणि त्यांना दिव्यांग प्रमाणपत्र व यूडीआयडी ओळखपत्र मिळाले आहे की नाही, हे पाहावे. डोळ्यांना न दिसणारे दिव्यांगत्व बहुधा कागदावरही नोंदले जात नाही आणि कागदावर नसलेल्या मुलाला कायदा शोधत येत नाही. दिव्यांग कल्याणासाठी स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी राखून ठेवण्याची जबाबदारी ग्रामपंचायतींवर आहेच. त्याचा विचार करताना ही मुलेही डोळ्यांसमोर असू द्यावीत.

आणि अधिकारी मित्रहो, विमानतळासाठी जे खरे, ते एसटी स्थानकासाठी, ग्रामीण रुग्णालयासाठी आणि तहसील कचेरीसाठीही खरे आहे. आपल्या कार्यालयात एखादे मूल कान झाकून रडू लागले, तर त्याला बसण्यासाठी एक शांत कोपरा आहे काय? त्याच्या आईचे काम आधी करून देण्याची मुभा खिडकीवरच्या लिपिकाला आहे काय? विमान पुष्कळ दूर आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी येथून प्रारंभ करावा.

रांचीच्या त्या कुटुंबाला डावलून विमान निघून गेले. दंड झाला, नियम बदलले, हे योग्यच झाले. परंतु नियम दाराशी उभा राहत नाही. दाराशी उभा असतो तो माणूस. त्या माणसाला समज देण्याचे काम शाळेत आणि गावात, म्हणजे आपल्याच हातून व्हावयाचे आहे. ते आपण करू या.

जय हिंद, जय महाराष्ट्र!