दुखत नाही म्हणून थांबू नका



डोळा लाल झाला, चुरचुरू लागला, की आपण लगेच डॉक्टरांकडे जातो. पण एका डोळ्याची नजर अचानक गेली आणि दुखत मात्र काहीच नाही, तर पुष्कळ जण थांबतात. ‘मोतीबिंदू असेल’, ‘चष्म्याचा नंबर वाढला असेल’ असे म्हणतात. पवन मावळात किंवा नाणे मावळात भाताची लावणी चालू असेल, तर ‘एवढी लावणी उरकू, मग दाखवू’ असेही होते. मोतीबिंदू मात्र हळूहळू वाढतो, एका सकाळीत नजर नेत नाही.

डोळ्याचा पडदा आणि त्यामागची नस हा खरे तर मेंदूचाच पुढे आलेला भाग. या नसेत सुमारे दहा लाख बारीक तंतू असतात. पडद्याच्या मुख्य धमनीत रक्ताची गुठळी अडकली, तर काही तासांत पडदा निकामी होतो. अर्धांगवायूत मेंदूत जे घडते, तेच इथे डोळ्यात घडते. ही गुठळी बहुधा मानेतल्या धमनीतून किंवा हृदयातून आलेली असते. आज ती डोळ्यात गेली. उद्या दुसरी मेंदूत जाऊ शकते. हा धोका पहिल्या एक-दोन आठवड्यांत सर्वांत जास्त असतो. कधी कधी आधी इशाराही मिळतो. पाच-दहा मिनिटे डोळ्यापुढे पडदा ओढल्यासारखे होते आणि पुन्हा लख्ख दिसते. तोही इशारा तितकाच गंभीर समजावा.

गुठळी होते कशामुळे? इथे दाहाचा संबंध येतो. जखमेभोवती सूज येते, ती शरीराची संरक्षणाची रीत. पण मधुमेह, रक्तदाब, तंबाखू यांमुळे धमनीच्या आतल्या अस्तरात हाच दाह वर्षानुवर्षे धुमसत राहतो. तिथे चरबीचे थर साचतात, थर फुटला की गुठळी धरते.

काही वेळा दाह थेट धमनीवर हल्ला करतो. ‘जायंट सेल आर्टरायटिस’ हा असा आजार पन्नाशीनंतर होतो. आपल्याकडे तो कमी आढळतो, पण ओळखता यायला हवा. कानशिलावर डोके दुखते, केस विंचरताना टाळू हुळहुळते, भाकरी चावताना जबडा भरून येतो. उपचार लांबला तर दुसरा डोळाही काही दिवसांत जाऊ शकतो. म्हणून संशय येताच डॉक्टर स्टिरॉइड सुरू करतात.

तरुणांत प्रकार वेगळा. नसेलाच सूज येते, डोळा फिरवताना दुखतो, लाल रंग फिका दिसतो. यातली नजर बहुधा सुधारते, पण कारण शोधावे लागते आणि औषध दुकानातून आणून घ्यायचे नसते.

2021 साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने म्युकरमायकोसिस पाहिला. ती बुरशी नाकाच्या पोकळ्यांतून डोळ्याकडे सरकली, रक्तवाहिन्यांत शिरली आणि त्या तिने बंद केल्या. कोणाचा डोळा गेला, कोणाला मेंदूचा झटका आला. त्यांतल्या अनेकांचा मधुमेह आटोक्यात नव्हता. डोळा, रक्तवाहिनी आणि मेंदू किती जवळचे आहेत, हे त्या वेळी घरोघर कळले.

मग करायचे काय? नजर अचानक गेली, तर वेळ लिहून ठेवा. चष्म्याच्या दुकानात जाऊ नका. मेंदूचे स्कॅनिंग होते अशा रुग्णालयात त्याच तासाला निघा. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर 108 ला फोन करा. मेंदूच्या झटक्यात गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. लोणावळ्याहून पुणे सुमारे 64 किलोमीटर; पावसाळ्यात आतल्या गावांहून हे अंतर आणखी लांबते. घरातून निघायलाच उशीर झाला, तर तो वेळ पुढे कुठेच भरून निघत नाही.

गेलेली नजर परत येईलच, असे वचन कोणी देऊ शकत नाही. पण वेळेवर गेलेल्या माणसाचा दुसरा डोळा वाचू शकतो आणि पुढचा अर्धांगवायू टळू शकतो. म्हणून साखर आणि रक्तदाब तपासत राहा, तंबाखू-मिश्री सोडा आणि दुखत नाही म्हणून थांबू नका.



(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)