फ्रान्समधील कायद्याचे राज्य



‘कायद्याचे राज्य’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे इंग्लंड उभे राहते. डायसी या इंग्रज पंडिताने १८८५ साली प्रतिपादिले की, सरकारी अधिकाऱ्यासही सामान्य न्यायालयातच जाब द्यावा लागला पाहिजे. फ्रान्समधील प्रशासनाची निराळी न्यायालये त्यास या तत्त्वाशी विसंगत वाटत. हे मत आम्हांस एकांगी वाटते.

१९६२ सालची गोष्ट घ्या. अल्जीरियाच्या प्रश्नावरून फ्रान्समध्ये बंडाळी माजली होती. अध्यक्ष द गॉल यांनी सार्वमताने मिळालेल्या अधिकारान्वये वटहुकूम काढून एक लष्करी न्यायालय स्थापिले. त्याच्या निकालावर अपील नाही! त्या न्यायालयाने कानाल नामक बंडखोरास देहान्ताची शिक्षा फर्माविली. त्याने ‘कोंसेय देता’ या प्रशासकीय न्यायपीठाकडे दाद मागितली. हे पीठ नेपोलियनच्या काळी, १७९९ साली निघालेले, सरकारचेच सल्लागार मंडळ. सरकारच्या ओसरीवर बसून सरकारविरुद्ध निकाल कोण देईल, असे कोणासही वाटावे. परंतु १९ ऑक्टोबर १९६२ रोजी त्याने तो वटहुकूमच रद्द केला. अपिलाची वाट बंद करणे हे फौजदारी कायद्याच्या सामान्य तत्त्वांवर एवढे आक्रमण आहे की, तत्कालीन परिस्थितीनेही त्याचे समर्थन होत नाही, असा अभिप्राय पडला. द गॉल संतापले. कानालचा जीव मात्र वाचला.

तथापि जानेवारी १९६३ मध्ये पार्लमेंटने अशा वटहुकमांना कायद्याचे बळ दिले. आणि पार्लमेंटने केलेला कायदा रद्द करण्याचा अधिकार कोंसेय देतास नव्हता.

ती उणीव संविधान परिषदेने भरून काढण्यास आरंभ केला, आणि तोही आपल्यासारख्या मंडळांच्याच प्रकरणी. फ्रान्समध्ये १९०१ च्या कायद्यान्वये नुसती नोंद देऊन पावती घेतली व राजपत्रात प्रसिद्धी झाली की संस्थेस कायदेशीर अस्तित्व मिळते. १९७१ साली सरकारने संशयास्पद संस्थांची न्यायालयाकडून पूर्वतपासणी करविण्याची तरतूद पार्लमेंटकडून मंजूर करून घेतली. सिनेटच्या अध्यक्षांनी प्रकरण परिषदेपुढे नेले, व १६ जुलै रोजी परिषदेने ती तरतूद घटनाबाह्य ठरविली. आपल्या संविधानात संस्था स्थापण्याचा हक्क कलम १९ मध्ये स्पष्ट लिहिलेला आहे. फ्रेंचांना तो प्रस्तावनेच्या आधारे शोधून काढावा लागला, हे ध्यानी घेण्याजोगे आहे.

१ मार्च २०१० पासून तर अमलात असलेल्या कायद्याविरुद्धही खटल्यातील साध्या पक्षकारास अशी हरकत घेता येते. मात्र परिषदेपुढे जाण्यापूर्वी ती उच्चतम न्यायपीठाच्या चाळणीतून जावी लागते. आणि प्रशासनाविरुद्धच्या खटल्यांत ती चाळणी धरणारे पीठ म्हणजे तेच जुने कोंसेय देता.