छातीच्या विकारांतील चकवे
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजच्या संमेलनात दोन शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यवाहांनी केली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आणि भगिनींचे हळदीकुंकू यांच्यामध्ये एका वैद्याने उभे राहून रोगांची नावे घ्यावीत, हे औचित्याला धरून होईल की काय, अशी शंका आली. परंतु तीस वर्षांहून अधिक काळ छातीचे रुग्ण तपासताना आमच्या हातून ज्या चुका झाल्या, त्यांपैकी काही आपल्याच ज्ञातीतील कुटुंबांना भोगाव्या लागल्या. त्या आपल्यासमोर मांडल्या तर पुढे कोणाचा तरी त्रास वाचेल, या आशेने आम्ही उभे आहोत. ज्यांची हकीकत सांगणार आहोत त्यांची अनुमती घेतली आहे. नावगाव मात्र सांगणार नाही.

खेड्यात वाढलेल्या मंडळींना चकवा ठाऊक असेल. रात्री वाटसरू निघतो, वाट ओळखीची असते, पावले नेहमीच्या भरवशाने पडतात आणि पहाटे पाहावे तो स्वारी निघाल्या ठिकाणीच उभी! छातीच्या विकारांतही असाच चकवा लागतो. खोकला, धाप, ताप आणि वजनातील घट ही चार-पाच लक्षणे शेकडो विकारांची समाईक मालमत्ता आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत. त्यामुळे दीर्घ खोकल्याच्या रुग्णात प्रथम क्षयाची शंका घेणे योग्यच आहे. चूक होते ती शंकेला तपासणीपूर्वीच निश्चयाचे स्थान दिल्यामुळे.

पहिली हकीकत एका चार वर्षांच्या मुलाची. त्याला दोन महिने खोकला होता, मधूनच छातीत सूं-सूं आवाज येई आणि दोनदा ताप येऊन गेला होता. घरात काकांना दमा. दमा म्हणून औषधे चालू झाली होती. आम्हीही तीच पुढे चालू ठेवली. क्ष-किरणाच्या चित्रात ठळक असे काही दिसले नाही. तिसऱ्या खेपेस मुलाची आजी बरोबर आली होती. त्या दिवशी आमचे नीट लक्ष गेले की सूं-सूं आवाज फक्त उजव्या बाजूलाच येतो. दम्याचा आवाज सहसा दोन्ही बाजूंना असतो. आम्ही विचारले, "आजी, याला कधी जोराचा ठसका लागला होता का?" त्या म्हणाल्या, "लागला होता की! बारशाच्या दिवशी शेंगदाणे खात पळत होता. काळानिळा झाला, पाठीत थापट्या मारल्या, मग आपोआप थांबला. पण डॉक्टर, त्याला आता दोन महिने होऊन गेले."

शेंगदाणा क्ष-किरणात दिसत नाही. उजवी श्वासनलिका डावीपेक्षा रुंद व अधिक सरळ असल्यामुळे असे पदार्थ बहुधा तिकडेच उतरतात. तेथे दाणा फुगतो, आसपासचा भाग सुजतो आणि पुनःपुन्हा न्यूमोनिया होऊ लागतो. मुलाला भूल देऊन दुर्बिणीने दाणा बाहेर काढला. 1897 साली जर्मनीत गुस्ताव्ह किलियन यांनी एका शेतकऱ्याच्या श्वासमार्गात अडकलेले हाड नळीतून काढले, तेव्हापासून ही विद्या वैद्यकाच्या हाती आहे. विद्या होती, साधन होते. उणीव राहिली ती एका प्रश्नाची, आणि तो प्रश्न आजीला विचारायला आम्हांला दोन खेपा उशीर झाला. मातांना आमची विनंती आहे की चार-पाच वर्षांखालील मुलांना अख्खे दाणे, फुटाणे देऊ नयेत. आणि ठसका लागून थांबला तरी, त्यानंतर खोकला राहिल्यास, ती गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

दुसरी हकीकत सांगताना आम्हांला आजही अवघडल्यासारखे होते. विदर्भातील एक तरुण, वय सव्वीस, साखरपुडा झालेला. रात्री दोन-तीनच्या सुमारास खोकल्याची उबळ येई, बारीक ताप असे, वजन उतरले होते. क्ष-किरणाच्या चित्रात दोन्ही फुप्फुसांवर बाजरीचे दाणे विखुरल्यासारखे ठिपके दिसत होते. क्षयाच्या एका प्रकारात नेमके असेच चित्र दिसते. थुंकीत जंतू सापडले नाहीत, तरीही आम्ही क्षयाची औषधे सुरू केली. वार्ता फुटली. वधूपक्षाने आठ दिवसांत नारळ परत पाठवला.

औषधांचा गुण येईना, म्हणून सहा आठवड्यांनी आम्ही त्याचे कागद पुन्हा पहिल्यापासून वाचले. रक्तपेशींच्या एका साध्या मोजणीत इओसिनोफिल नावाच्या पेशींची संख्या प्रमाणाबाहेर होती. त्या निरोगी माणसात घनमिलिमीटरला सुमारे 500 पर्यंत असतात. येथे 3000 च्या कितीतरी वर होत्या. कागद आमच्याच टेबलावर होता, पण ठिपक्यांनी डोळे बांधले होते! तो विकार क्षय नव्हता. हत्तीरोगाच्या सूक्ष्म जंतांविरुद्ध शरीर जो अतिरेकी प्रतिकार करते, त्यातून फुप्फुसात उद्भवणारा तो विकार होता. हत्तीरोगाचे जंत रात्रीच्या रक्ततपासणीत एरवी सापडतात. या विकारात तेही बहुधा सापडत नाहीत, कारण ते फुप्फुसातच अडकून नष्ट होत असतात.

वास्तविक हा चकवा आपल्याच देशात उलगडला गेला होता. मदनपल्लीजवळच्या क्षय-आरोग्यधामातील फ्रिमोट-म्योलर व बार्टन यांनी 1940 साली क्षयाचा भास निर्माण करणाऱ्या या अवस्थेचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे 1943 साली मुंबईत वैद्यकी करणाऱ्या वाइनगार्टेन यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यास 'ट्रॉपिकल इओसिनोफिलिया' हे नाव दिले. आम्ही हे सर्व विद्यार्थिदशेत वाचले होते. परंतु वाचलेले वेळेवर आठवणे ही वेगळीच विद्या आहे. हत्तीरोगावरील गोळ्या तीन आठवडे दिल्या आणि पहिल्या काही दिवसांतच त्या तरुणाला शांत झोप लागू लागली. खोकला गेला, मोडलेली सोयरीक मात्र सांधली गेली नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. त्याला क्षय नव्हता, म्हणून सोयरीक मोडणे अन्यायाचे ठरले, असे आमचे म्हणणे नाही. क्षय असता तरीही ते अन्यायाचेच होते. साध्या क्षयावर सहा महिन्यांचे औषध पुरते आणि योग्य औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच संसर्गाचा धोका बहुतांशी ओसरतो. मद्रास येथील संशोधकांनी 1959 सालीच दाखवून दिले की घरी राहून नियमाने औषध घेणारा क्षयरुग्ण आरोग्यधामातील रुग्णाइतकाच बरा होतो आणि त्यामुळे घरच्यांना अधिक धोका पोचत नाही. ते ज्ञान आपल्या माजघरापर्यंत अजून पोचावयाचे आहे.

तिसरी बाब आपल्या पूर्वापार व्यवसायाची. आपल्यापैकी अनेकांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माग चालला. पुढे सूतगिरण्या आल्या, यंत्रमाग आले. 1700 साली इटलीतील बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि वैद्याने प्रत्येक रुग्णास 'तुमचा धंदा कोणता?' हे विचारलेच पाहिजे, असे बजावले. कापसाच्या धुळीने होणाऱ्या विकारात, ज्यास बिसिनोसिस म्हणतात, एक विलक्षण खूण असते. आठवडी सुटीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते. पुढच्या दिवसांत त्रास कमी होतो. वर्षे लोटली म्हणजे तो रोजचाच होऊन बसतो. प्रारंभी क्ष-किरणात काही दिसत नाही. तेव्हा केवळ चित्र पाहणारा वैद्य 'काही नाही' म्हणतो आणि कामगार 'कामचुकार' ठरतो! पिंजणखात्यात काम केलेल्या आपल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हांस हसत सांगितले होते, "डॉक्टर, आमच्या छातीला सुट्टी मानवत नाही." त्या एका वाक्यात सारे निदान होते.

तसेच घरातील पक्ष्यांचे. एक निवृत्त शिक्षिका वर्षभर धापेने त्रस्त होत्या. गावी राहावयास गेल्या की बरे वाटे, परत आल्या की धाप लागे. त्यांच्या खिडकीच्या छज्जावर कबुतरांची वस्ती होती आणि त्या स्वतः रोज विष्ठा झाडून काढीत. कबुतरांच्या विष्ठेतील व पिसांतील कणांमुळे काही व्यक्तींच्या फुप्फुसांना अशी सूज येते, की वेळीच कारण दूर न केल्यास फुप्फुस कायमचे ताठर होते. 2025 साली मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून झालेला वाद आपणांस स्मरत असेल. त्या वादात आम्ही शिरत नाही. आपल्या खिडकीकडे मात्र प्रत्येकाने पाहावे.

आणखी काही चकवे थोडक्यात सांगतो. रक्तदाबावरील एनालाप्रिल, रॅमिप्रिल या वर्गातील गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगावे. खांद्याचे व हाताचे न थांबणारे दुखणे क्वचित फुप्फुसाच्या टोकावरील कर्करोगाचे असते. शस्त्रक्रियेनंतर किंवा लांबच्या प्रवासानंतर एक पाय सुजून एकाएकी धाप लागली, तर ती पायातील रक्ताची गुठळी फुप्फुसात गेल्याची खूण असू शकते. तेथे तासाचाही विलंब नको. आणि क्षय स्वतःदेखील वेषांतर करतो. मधुमेही रुग्णात तो फुप्फुसाच्या वरच्या भागाऐवजी खालच्या भागात दिसू शकतो. वृद्धात खोकल्यावाचून केवळ अन्न नकोसे होते आणि अंग झडते. थुंकीची जनुकीय तपासणी आज सरकारी केंद्रात विनामूल्य होते आणि यंत्रातून सुमारे दोन तासांत उत्तर मिळते. तेव्हा अंदाजाने औषधे देण्याचे व घेण्याचे दिवस सरले आहेत.

ज्ञातिबांधवहो, या सर्व हकीकतींत समान धागा कोणता? दुर्मिळ रोग ओळखण्यास यंत्रे लागतातच. परंतु यंत्र कोठे रोखावे हे सांगणारी गोष्ट बहुधा अगदी किरकोळ असते आणि ती घरातील कोणालातरी ठाऊक असते. ती आमच्यापर्यंत पोचत नाही, याची कारणे दोन. एक, ती क्षुल्लक वाटते. दुसरे, तिची लाज वाटते. पहिल्या कारणाचा दोष आम्हां वैद्यांकडे जातो, कारण विचारणे आमचे काम आहे. दुसरे कारण समाजाचे आहे.

आमच्या लहानपणी घरात एक चुलते होते. त्यांच्या आजाराला सर्वजण 'अशक्तपणा' म्हणत. त्यांचे भांडे वेगळे होते, पण रोगाचे नाव कोणी घेत नसे, कारण घरात दोन मुली लग्नाच्या होत्या. त्या काळीही क्षयावर औषधे उपलब्ध होती. ती त्यांना मिळाली नाहीत, कारण दवाखान्याच्या दारात कोणी पाहिले तर काय, ही भीती औषधापेक्षा मोठी ठरली. ते गेले. पुढे त्यांच्या धाकट्या मुलीला तोच आजार झाला. ती मात्र उपचाराने बरी झाली. आम्ही या शाखेकडे वळलो त्याचे मूळ त्या माजघरात आहे.

म्हणून संस्थेच्या चरणी आमची नम्र सूचना अशी. प्रत्येक कुटुंबाने एक साधी वही ठेवावी. तीत कोणाला कोणता आजार झाला, कोणते औषध सोसले नाही, कोणी कोणत्या धंद्यात किती वर्षे काढली, हे लिहावे. जुनी क्ष-किरण चित्रे रद्दीत देऊ नयेत. पाच वर्षांपूर्वीचा डाग आजही तसाच आहे की वाढला आहे, हे जुन्या चित्रावरूनच कळते. आणि संस्थेच्या वधूवर-सूचक मंडळाने असा संकेत रूढ करावा, की उपचाराने बरा झालेला क्षय हे स्थळ नाकारण्याचे कारण मानले जाणार नाही.

आम्ही चुकलो ते सांगितले. आपण लपविले असेल ते डॉक्टरांना सांगावे. या दोन्ही गोष्टी घडल्या तर छातीतील चकवे पुष्कळ कमी होतील.