बहात्तर तासांची गोष्ट
(गांवच्या चावडीवर शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



शाळामास्तरानें चावडीवर हा विषय काढावा याची कित्येकांस लाज वाटेल. मलाही वाटली. पण माझ्या वर्गांतील एका मुलाची आई दिवाळीनंतर गेली. चार लेंकरें पदरीं, नवऱ्यासंगें ऊसतोडीला जाणारी. पुन्हां दिवस राहिले म्हणून तिनें कुणाकडून तरी काढा आणून घेतला. रक्त जाऊं लागलें तें थांबेना; दवाखाना गांठेपर्यंत सारें संपलें. तो मुलगा आतां शाळेंत येत नाहीं, शेरडें राखतो. तिला वेळेवर दोन शब्द कुणी सांगितले नाहींत, आणि न सांगणारांत मीही होतों.

तर ऐका. निरोध फाटला, रोजची गोळी दोनतीन दिवस चुकली, किंवा घरधनी दारू पिऊन आला व बाईचें कांहीं चाललें नाहीं, तर महिनाभर देवाला नवस करीत बसूं नये. लिव्होनॉर्जेस्ट्रेल नांवाची दीड मिलिग्रॅमची एक गोळी मिळते. ती ७२ तासांच्या आंत घ्यावयाची. रविवारीं रात्रीं प्रसंग घडला तर फार तर बुधवार रात्रीपर्यंत. परंतु सोमवारीं सकाळीं घेतली तर गुण अधिक. औषधाच्या दुकानांत चिठ्ठीवांचून मिळते. आशाताईंस किंवा उपकेंद्रांत विचारा. दोन तासांच्या आंत उलटी झाली तर पुन्हां एक घ्यावी.

घाई कां, तें सांगतों. पुरुषाचें बीज बाईच्या पोटांत पांच दिवसांपर्यंत जिवंत राहूं शकतें. ही गोळी बाईचें बीज सुटणें लांबवते. चाड्यांत दाणाच पडला नाहीं तर उगवणार काय? मात्र रुजलेलें ती उपटीत नाहीं. म्हणून ही गर्भ पाडण्याची गोळी, असें जे म्हणतात ते चुकतात.

याहून खात्रीची तांबी. पांच दिवसांच्या आंत डॉक्टरांकडून बसवून घेतली तर शंभरांत एकीलाही दिवस राहणें कठीण, आणि पुढें कित्येक वर्षें निश्चिंती. क्षयाच्या रिफॅम्पिसीनवर असलेल्या किंवा मिरगीचीं कांहीं औषधें घेणाऱ्या बाईस गोळीचा गुण कमी येतो. तिनें तांबीच विचारावी.

गोळी घेतली म्हणून पुढचा महिना मोकळा नव्हे. पुन्हां संबंध आला तर पुन्हां भीति आहेच, आणि गुप्तरोगांपासून ती राखीत नाहीं. पाळी आठवडाभर लांबली तर लघवी तपासा. दिवस राहिलेच तरी काढा नको, काडी तर नकोच. १९७१ च्या कायद्यानें, त्यांत घातलेल्या मुदतींत व अटींवर, डॉक्टरांकडून गर्भपात करून घेतां येतो. सज्ञान बाईची स्वतःची संमति पुरे, नवऱ्याची सही लागत नाहीं. हें वाक्य बायकांनीं पाठ करावें.

आपल्याकडे हा विषय नवा नव्हे. १९३८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत डॉ. आंबेडकरांच्या पक्षाचे रोहम यांनीं संततिनियमनाचा ठराव आणला होता. तो तेव्हां पडला.

आशाताई इथें बसल्या आहेत. बायकांनीं आतां त्यांना हवें तें विचारावें. पुरुष मंडळींनीं माझ्याबरोबर पारावर यावें. निरोधाचें तुमच्याशीं वेगळें बोलावयाचें आहे.