जुन्या भिंगांनी वन्यजीवांची छायाचित्रे



कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाला व्यासपीठावर बोलावले म्हणजे तो बोनस, कंत्राटी पद्धत आणि नव्या कामगार संहिता यांवर बोलणार, असे गृहीत धरूनच आपण आला असाल. त्या विषयांवर आम्ही वर्षाचे तीनशे दिवस बोलतोच. आजचा विषय निराळा आहे. बाजाराने मोडीत काढलेल्या लांब पल्ल्याच्या भिंगांनी रानातल्या पशुपक्ष्यांची छायाचित्रे कशी घ्यावीत, हे आम्हांला सांगायचे आहे. शाळा आमची नववीत सुटली. तेव्हा जे सांगू ते कोणत्या महाविद्यालयात शिकलेले नाही. वापरून, वाचून आणि चार जाणत्यांना विचारून कळलेले आहे.

हा छंद कामगाराचा आहे काय, असा प्रश्न आम्हांला नेहमी विचारतात. त्याचे उत्तर थोडे मागे जाऊन द्यावे लागेल. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि आठवड्याच्या सुटीची मागणी लावून धरली. १० जून १८९० रोजी ती मान्य झाली आणि रविवार कामगाराचा झाला. ही सुटी पुढचे सहा दिवस राबण्याचे बळ यावे एवढ्यासाठीच होती, असे आम्ही मानत नाही. माणसाला स्वतःचा म्हणावा असा एक दिवस हवा, म्हणून ती होती. त्या दिवशी कोणी भजनाला जातो, कोणी तालमीत जातो. आमच्या सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत जमणारी दहाबारा मंडळी पहाटे कॅमेरा घेऊन बाहेर पडतात. त्यांत कोणी फिटर आहे, कोणी छापखान्यातला आहे, तर कोणी बसचालक.

योगायोग असा की, लोखंड्यांच्या यशानंतर पुढच्याच वर्षी, १८९१ साली, लंडनच्या डालमायर यांनी टेलिफोटो भिंगाचे पेटंट घेतले. जर्मनीतही त्याच सुमारास असे प्रयत्न झाले. त्यातली युक्ती सोपी आहे. साध्या भिंगाचे नाभीय अंतर ३०० मिलिमीटर असेल, तर दूरच्या वस्तूसाठी ते फिल्मपासून तेवढेच, म्हणजे जवळजवळ एक फूट, पुढे धरावे लागते. टेलिफोटोत पुढे बहिर्गोल आणि मागे अंतर्गोल भिंगांचा गट असतो. मागचा गट एकवटत जाणाऱ्या किरणांना किंचित पसरवतो. त्यामुळे प्रतिमा मोठी मिळते आणि नळी मात्र आखूड राहते. नेहमीच्या ५० मिलिमीटरच्या भिंगात पाखरू जेवढे दिसते, त्याच्या सहापट ते ३०० मध्ये दिसते.

आता नवे लांब पल्ल्याचे चांगले भिंग घ्यायचे म्हटले तर किंमत लाखांच्या घरात जाते. पगारदाराला तिचा भाव विचारण्याचीही सोय नाही. पण १९६० ते १९८५ या काळात अशी भिंगे जगभर पुष्कळ तयार झाली. रशियन तायर ३००, पूर्व जर्मनीची पेंटाकॉन २००, जपानची निक्कोर ३००, टॅमरॉनची ५०० मिलिमीटरची आरशाची लेन्स, ही त्यांतली काही नावे. कॅमेरा आपणहून फोकस करू लागला आणि ही भिंगे निकामी ठरली. आमच्या धंद्यात ‘निकामी’ हा शब्द आम्ही फार ऐकला आहे. यंत्राला लावतात, तसा तो पन्नाशीच्या माणसालाही लावतात. म्हणून तो ऐकला की वस्तू एकदा हातात घेऊन पाहण्याची आम्हांला सवय लागली आहे.

आरसा नसलेले नवे कॅमेरे आले आणि ही भिंगे पुन्हा कामाला लागली. जुन्या आटेदार भिंगाच्या तोंडाचा व्यास ४२ मिलिमीटर, आट्याचे पिच १ मिलिमीटर. ते फिल्मपासून ४५.४६ मिलिमीटरवर बसवायचे असते. सोनीच्या आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात हे अंतर फक्त १८ मिलिमीटर आहे. मधली २७.४६ मिलिमीटरची जागा भरणारी पोकळ कडी मिळाली की काम झाले. आमच्यातला एक टर्नर कारखाना बंद पडल्यावर घरी बसला होता. ही कडी त्याने लेथवर स्वतः काढली. कडी केसभर आखूड झाली तर चालते. लांब झाली तर मात्र दूरची वस्तू कधीच स्पष्ट येत नाही. हे त्याला पुस्तकाने शिकवावे लागले नाही. बाजारात अशा कड्या थोडक्या पैशांत मिळतात, पण त्याच्या कडीवर आमचा लोभ अधिक.

जुने भिंग घेताना चार गोष्टी पाहाव्यात. मागून विजेरीचा झोत टाकून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आहे काय ते पाहावे. छिद्राच्या पात्यांवर तेल आले आहे काय, फोकसचे कडे सबंध फिरते काय आणि आटे झिजलेले नाहीत ना, हेही तपासावे. काचेवरच्या एकदोन बारीक चरांनी फारसे बिघडत नाही, बुरशीने बिघडते. पुण्याच्या पावसाळ्यात भिंग कातडी पेटीत कोंडून ठेवणे म्हणजे बुरशीला आमंत्रण. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावे आणि अधूनमधून उजेड दाखवावा.

वापरताना या भिंगांचे दोष ओळखून वागावे लागते. छिद्र पूर्ण उघडे ठेवले तर बगळ्याच्या पांढऱ्या पिसांच्या कडेला जांभळी रेघ उमटते. छिद्र ४.५ वरून ८ वर आणले की ती बरीच कमी होते. समोरून उजेड आला तर चित्र धुरकट होते. त्यावर काळ्या पुठ्ठ्याची नळी पुढे बसवावी. हात हलतो, म्हणून ३०० च्या भिंगाला सेकंदाच्या पाचशेव्या भागाहून सावकाश शटर लावू नये. कॅमेऱ्यात कंप थोपवण्याची सोय असेल, तर भिंगाचे नाभीय अंतर त्याला आपण सांगावे लागते. जुने भिंग ते आपणहून सांगत नाही. आरशाची लेन्स वजनाला हलकी, पण तिचे छिद्र बदलत नाही, आणि मागच्या चकाकत्या पाण्याचे ठिपके कड्यांसारखे दिसतात. दुपटीचा कन्व्हर्टर लावला तर ३०० चे ६०० होतात, पण उजेड चौथाई उरतो. त्यापेक्षा दहा पावले पुढे जाता आले तर बरे. आणि जाऊ नये असे असेल तर चित्र लहान आले तरी चालेल.

साहित्यातली सर्वांत उपयोगी वस्तू सर्वांत स्वस्त आहे. जुन्या विजारीच्या पायाची पिशवी शिवून तीत ज्वारी भरावी. बांधावर, दगडावर, गाडीच्या खिडकीत ती ठेवून वर भिंग टेकवले की तिपाईची उणीव भासत नाही.

उडत्या पाखरामागे हाताने फोकस फिरवणे कठीण. म्हणून पाखराच्या सवयी ठाऊक हव्यात. खंड्या मासा घेऊन बहुधा त्याच काठीवर परततो. काठीवर फोकस करून ठेवावे आणि वाट पाहावी. आपला राज्यपक्षी हरियाल थंडीच्या सकाळी झाडाच्या उंच, निष्पर्ण फांदीवर ऊन खात बसतो. तो अशा भिंगाला फार वेळ देतो. मद्रासचे मा. कृष्णन निरनिराळ्या कॅमेऱ्यांचे भाग जोडून केलेला आपला घरगुती कॅमेरा घेऊन पायी हत्ती टिपत. त्या अवजड यंत्राला ते ‘सुपर पोंडेरोसा’ म्हणत. त्यांच्याही आधी, वनखात्यातल्या चॅम्पियन यांनी जंगलवाटेवर तार ताणून वाघांकडूनच त्यांची छायाचित्रे काढवली होती. त्यांचे पुस्तक १९२७ साली निघाले. या दोघांची मोठी पुंजी म्हणजे प्राण्याची वाट कोणती याचे ज्ञान. ते दुकानात मिळत नाही.

आमच्या वाटा जवळच्याच. पर्वती आणि तळजाई पायाखालच्या. सोलापूर रस्त्याने कवडीपाटला गेले की हिवाळ्यात मुळा-मुठेच्या पाण्यावर चक्रवाक आणि शेकाट्या. शहराच्या सांडपाण्याचा वास सहन करतच ते पाहावे लागतात, आणि तो वास आपलाच आहे. उजनीच्या जलाशयावर भिगवणला रोहित पक्षी. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, अवघे पाच चौरस किलोमीटरचे, १९९७ साली जाहीर झालेले. तेथे चिंकारा दिसतो. उन्हाळ्यात सकाळी दहानंतर मात्र तेथे भिंग बाहेर काढू नये. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि लाखाचे भिंगही तेथे हरते.

ही माळराने सरकारी कागदांत पुष्कळदा ‘पडीक’ म्हणून लागतात. पडीक म्हणजे जिचा उपयोग नाही ती जमीन. पण सासवड-सुप्याकडच्या त्या पडीक माळावर लांडगा पिले वाढवतो, चंडोल गवतात घरटे करतो आणि धनगराची मेंढरे चरतात. तेथे जागा दाखवून प्लॉट पाडले जातात, तेव्हा लांडग्याच्या बाजूने उभा राहायला कोणी नसतो, कारण कागदावर तो तेथे नाहीच. तो तेथे आहे, हे छायाचित्र दाखवते. तारीख आणि ठिकाण नोंदवलेले साधे, किंचित धूसर छायाचित्रसुद्धा पुरावा ठरू शकते. आम्ही आयुष्यभर हजेरीपुस्तके सांभाळली आहेत. ज्याचे नाव हजेरीवर नाही, त्याला नुकसानभरपाई मिळत नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. म्हणून मंडळींना आमचे सांगणे असते की, चित्र सुंदर आले नाही तरी नोंद करा. एक अपवाद मात्र पाळा: लांडग्याच्या बिळाचे नेमके ठिकाण चारचौघांत सांगू नका. ते वनखात्यालाच कळवा.

यातूनच शिस्तीचा प्रश्न येतो. लांब भिंग आपल्याला दूर राहता यावे म्हणून आहे. घरट्याजवळ जाऊ नये, डहाळ्या बाजूला करू नयेत, मोबाइलवर नराचा आवाज वाजवून पाखराला बोलावू नये, लांडग्यामागे गाडी घालू नये. पाखरू मान ताठ करून आपल्याकडे पाहू लागले की समजावे, आपण त्याच्या वेळेत शिरलो. कामाच्या वेळेत मालकाने येऊन डोक्यावर उभे राहावे, हे जसे आपल्याला नको, तसे ते त्यालाही नको.

शेवटी एक सांगायचे आहे. रविवार आपल्याला कोणी दान दिला नाही, तो मिळवावा लागला. आज कंत्राटावर राबणाऱ्या कित्येकांना तो पुन्हा पगार कापून घ्यावा लागतो. त्यासाठी आमचा लढा चालूच राहील. पण ज्यांच्या पदरात तो दिवस आहे, त्यांनी तो झोपेत आणि बाजारात घालवू नये. आपल्या घरांत, काकांच्या ट्रंकेत, माळ्यावर एखादे जुने भिंग पडलेले असेल. ते काढा, पुसा, विजेरीने तपासा. आमच्याकडे आणा, कडी आमचा टर्नर काढून देईल. मग पहाटे साडेपाचला भेटू.