बाळापूर ज्याला वचकून होतं, तो मलिक अंबर

अकोल्याहून खामगावला जाताना बाळापूर लागतं. तिथला किल्ला आणि मिर्झाराजे जयसिंगांची छत्री तुम्ही पाहिली असेल. पण हा किल्ला उभा राहण्याच्या शंभरेक वर्षं आधी मुघल फौज बाळापुरात तळ देऊन होती, ती एका हबशाच्या धाकानं. मलिक अंबर त्याचं नाव.

इथिओपियात जन्मलेला, लहानपणीच गुलाम म्हणून विकलेला हा मुलगा बगदादमार्गे अहमदनगरला पोचला. 1596 च्या तहात चांदबिबीनं वऱ्हाड मुघलांना दिला, 1600 साली अहमदनगरही पडलं. अंबरनं परांड्याला निजामशाहीचा वारस गादीवर बसवला आणि बुडालेलं राज्य पाव शतक चालवलं. जमिनीची प्रतवारी करून सारा बांधला, खडकीला म्हणजे पुढच्या औरंगाबादेला नहरीचं पाणी आणलं.

1616 साली बाळापुरात मुघल सरदार शाहनवाज खान होता. अंबरवर नाराज झालेले सरदार त्याला येऊन मिळाले. त्यांत सिंदखेडचे लखुजी जाधवराव, जिजाऊंचे वडील. (आपल्याकडचे व्याख्याते हा भाग जरा घाईनं उरकतात.) बाळापुराहून निघालेल्या फौजेनं जालन्याजवळ रोशनगावला अंबरला हरवलं, खडकी जाळली. तरी 1620 मध्ये त्याच गड्यानं रसद तोडत तोडत मुघलांना मेहकराहून बाळापूर आणि तिथून थेट बऱ्हाणपूरला रेटलं!

जहांगीर आत्मचरित्रात त्याला रंगावरून शिव्या देतो. अबुल हसननं काढलेल्या चित्रात तर बादशहा अंबरच्या तोडलेल्या मुंडक्यावर बाण सोडतोय. तो पराक्रम चित्रातच राहिला. अंबर 1626 साली ऐंशीच्या घरात असताना गेला, तोवर मुघलांच्या हाती लागला नाही. मोतमद खान या मुघल इतिहासकारालाही त्याची थोरवी लिहावी लागली.

मग तो मागे का पडला? मला वाटतं, त्याची आठवण मिरवणारं घराणं उरलं नाही. मुलगा फतेखान 1633 मध्ये दौलताबाद मुघलांना देऊन बसला. आपण तर अंबरला शहाजीराजांच्या गोष्टीची प्रस्तावना करून टाकलं. उलट न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये शोम्बर्ग केंद्रानं 2013 साली भारतातल्या आफ्रिकी सरदारांवर प्रदर्शन भरवलं, त्यात तो मानानं होता.

बाळापुरात छत्रीपाशी एक फलक लागावा. त्यावर 1616 आणि 1620 ही दोन्ही सालं असावीत, लखुजींचं नावही गाळू नये. अमरावती-अकोल्याच्या इतिहास शिक्षकांनी मुलांची सहल सिंदखेडराजाला नेताना वाटेत मेहकर आणि बाळापूरला गाडी थांबवावी.